बिऱ्हाडाबरोबर बंदूक : राज्य बदलताना शस्त्र कायदेशीरपणे कसे न्यावे

भारतातला शस्त्र परवाना तीन गोष्टी एकत्र बांधतो : माणूस, शस्त्र आणि जागा. परवान्यावर धारकाचे नाव, पत्ता आणि छायाचित्र असते, शस्त्राचा प्रकार आणि क्रमांक असतो, आणि तो परवाना कुठवर चालतो ते क्षेत्रही नोंदलेले असते. कुटुंब एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेले की पहिल्या दोन गोष्टी तशाच राहतात, तिसरी मात्र बदलते. घरातली कपाटे, भांडी, गाद्या ट्रकमध्ये भरून नेता येतात. परवान्याची बंदूक तशी नेता येत नाही. ती नेताना धारकाकडून साध्या अज्ञानातूनही गुन्हा घडू शकतो, आणि तो टाळणे अजिबात अवघड नसते.

छत्तीसगडातले अभनपूर हे त्यासाठी चांगले उदाहरण आहे. रायपूरच्या दक्षिणेला, धमतरी-जगदलपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३० वरचे हे रायपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी माणसे आहेत आणि नागपूर, भंडारा, गोंदियाकडचे नातेसंबंध आजही टिकून आहेत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते. पुढे रायपूर मध्य प्रदेशात राहिले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले. एके काळी प्रांतातल्या प्रांतात होणारे हे स्थलांतर आज दोन राज्यांमधले आहे, आणि घरात परवान्याची दुनाळी, रिव्हॉल्व्हर किंवा रायफल असेल तर हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

कायद्याची चौकट

इंग्रजांनी १८५७ नंतर हिंदी प्रजेच्या हाती शस्त्र राहू नये या हेतूने १८७८ चा शस्त्र कायदा आणला. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागी शस्त्र अधिनियम, १९५९ आला आणि तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याखालचे जुने नियम जाऊन सध्या शस्त्र नियम, २०१६ चालतात. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने आणखी दोन मोठे बदल केले. एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली, आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. नेमबाजीच्या खेळाडूंसाठी संख्येबाबत वेगळ्या सवलती आहेत. वडिलोपार्जित बंदुकाही या दोनच्या मर्यादेत मोजल्या जातात. त्यामुळे जुन्या परवान्यावर अजून तीन शस्त्रे दिसत असतील, तर घर हलवण्याआधी तिसऱ्याचा निकाल लावणे भाग आहे.

हा केंद्राचा कायदा असल्यामुळे तो छत्तीसगडात आणि महाराष्ट्रात एकच आहे. अंमलबजावणी करणारी कार्यालये मात्र वेगळी आहेत. अभनपूरच्या रहिवाशाचा परवाना रायपूरच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडून मिळालेला असतो. महाराष्ट्रात, जिथे पोलीस आयुक्तालय आहे अशा नागपूर, पुणे, ठाणे यांसारख्या शहरांत परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतात. गोंदिया, भंडारा किंवा नागपूर ग्रामीणमध्ये ते जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. नवे घर नागपूर शहराच्या हद्दीत आहे की हद्दीबाहेरच्या एखाद्या गावात, यावर अर्ज कुठे करायचा हे ठरते.

परवाना नीट वाचणे

निघण्याचा विचार पक्का झाला की सर्वांत आधी परवान्याचे पुस्तक उघडावे. वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या या पुस्तकात चार नोंदी बारकाईने पाहाव्या लागतात.

पहिली नोंद क्षेत्राची. कुठल्या परवान्यावर एक जिल्हा लिहिलेला असतो, कुठे संपूर्ण राज्य, कुठे लगतची राज्ये, तर काहींवर संपूर्ण भारत. क्षेत्र फक्त छत्तीसगड असेल, तर राजनांदगावपुढे बाघनदी ओलांडून गोंदिया जिल्ह्यात पाऊल टाकताच ते शस्त्र परवान्याच्या क्षेत्राबाहेर गेलेले असते. धारकाचे वर्तन कितीही सरळ असले तरी हा परवान्याच्या अटीचा भंग ठरतो.

दुसरी नोंद मुदतीची. स्थलांतराच्या धावपळीत मुदत संपली, तर बंदूक बाळगणेच बेकायदा होते आणि अधिनियमाच्या कलम २१ नुसार ती विनाविलंब जमा करावी लागते. मुदत संपायला काही महिनेच उरले असतील, तर नूतनीकरण जुन्या कार्यालयातच उरकून निघणे सोयीचे पडते. दोन राज्यांत कागद अडकलेले असताना नूतनीकरणाचा अर्ज टाकला की दोन्हीकडचे काम लांबते.

तिसरी नोंद युआयएन, म्हणजे विशिष्ट ओळख क्रमांकाची. देशभरातल्या परवान्यांची एक राष्ट्रीय नोंदवही संगणकावर केली आहे आणि प्रत्येक धारकाला त्यात असा क्रमांक मिळतो. राज्य बदलले तरी क्रमांक बदलत नाही, आणि नवे कार्यालय त्यावरूनच जुनी माहिती पाहते. एखाद्या जुन्या परवान्यावर हा क्रमांक चढलेलाच नसेल, तर ती दुरुस्ती जिथून परवाना मिळाला तिथेच आधी करून घ्यावी लागते.

चौथी नोंद काडतुसांची. एका वेळी किती काडतुसे जवळ ठेवता येतील आणि वर्षभरात किती विकत घेता येतील, हे दोन्ही आकडे परवान्यावर असतात. घर आवरताना जुन्या ट्रंकेत, माळ्यावर, वडिलांच्या टेबलाच्या खणात विसरलेली काडतुसे सापडतात. ती मोजून आकडा जुळवावा. जास्तीची किंवा दुसऱ्याच बोअरची काडतुसे निघाली, तर ती सामानात टाकून न्यायची नसतात. जवळच्या पोलीस ठाण्यात त्यांची माहिती देऊन जमा करायची असतात.

एअरगनबद्दलही गैरसमज आहे. छर्ऱ्याची प्रत्येक बंदूक परवान्याविना चालते असे अनेक जण धरून चालतात. २०१६ च्या नियमांनुसार २० जूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या किंवा ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या बोअरच्या एअरगनला परवाना लागतो. तलवार, खंजीर यांसारख्या धारदार शस्त्रांबाबत, सरकारने ज्या भागांत अधिसूचना काढली आहे तिथे वेगळे निर्बंध असतात. दसऱ्याला पूजेत ठेवली जाणारी जुनी तलवार नव्या जिल्ह्यात नेण्याआधी तिथल्या ठाण्यात विचारून घेणे केव्हाही बरे.

निघण्यापूर्वीचे कागद

परवान्याचे क्षेत्र महाराष्ट्रापर्यंत पोहोचत असेल, तर धारक शस्त्र स्वतःजवळ घेऊन निघू शकतो. क्षेत्र अपुरे असेल, तर त्याच्यापुढे तीन वाटा असतात. पहिली, निघण्याआधी क्षेत्र वाढवून घेण्याचा अर्ज करणे. दुसरी, वाटेपुरती परवानगी मिळवणे. प्रवासात शस्त्र जवळ बाळगण्यासाठी तात्पुरत्या परवान्याची तरतूद नियमांत आहे. तिसरी वाट सर्वांत निर्धोक : बंदूक रायपूरमध्ये परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीत देणे किंवा ठाण्यात जमा करणे, पावती घेणे, कुटुंब नव्या घरी नेणे आणि नव्या ठिकाणची परवानगी हाती आल्यावर बंदूक न्यायला परत येणे. यात एक फेरी वाढते, पण कायद्याचा धागा कुठेही तुटत नाही.

जुन्या कार्यालयात पत्ताबदलाचा अर्ज देऊन ना हरकत प्रमाणपत्र मागावे. धारकावर गुन्हा नाही, परवाना रद्द किंवा निलंबित नाही, शस्त्र अमुक क्रमांकाचे आहे, एवढे त्यावरून नव्या कार्यालयाला कळते. अर्जाची पोच, परवान्याच्या प्रत्येक पानाची प्रत आणि शस्त्र खरेदीची पावती यांचा एक संच करून तो मूळ परवान्यापासून वेगळा ठेवावा. मूळ पुस्तक मात्र शस्त्राबरोबरच असले पाहिजे.

निवडणुकीचे दिवस असतील तर आणखी काळजी लागते. आचारसंहिता लागली की अनेक परवानाधारकांना शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात. सरसकट सगळ्यांनाच असे आदेश देता येत नाहीत, प्रत्येक धारकाचा वेगळा विचार झाला पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात स्पष्ट केले. तरीही ज्याला आदेश आला आहे त्याला तो पाळावाच लागतो, आणि शस्त्र अभनपूरच्या ठाण्यात जमा असताना बिऱ्हाड हलले तर पावती जपून ठेवून नंतर ते सोडवून घ्यावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली किंवा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली ठरावीक दिवसांसाठी शस्त्र बाळगण्यास मनाई लागू होते, त्या तारखाही वाटेतल्या आणि पोहोचण्याच्या ठिकाणासाठी तपासून घ्याव्यात.

ट्रकमध्ये बंदूक का नको

पॅकर्स अँड मूव्हर्सचा ट्रक दारात उभा राहिला की सगळे घर त्यात जाते. बंदूक तेवढी जाऊ नये. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मध्ये यासाठी स्पष्ट तरतूद आहे. स्वतःचा परवाना नसलेली व्यक्ती दुसऱ्याची बंदूक नेऊ शकते, पण ती परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, आणि तीही दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्या वापरासाठी. घरसामान हलवणे हे कारण त्यात नाही. ट्रकचा चालक आणि हमाल यांच्या ताब्यात बंद पेटीतून गेलेली बंदूक त्यांच्या दृष्टीने विनापरवाना शस्त्र असते.

त्याहून कठोर तरतूद कलम ३५ ची. एखाद्या जागेत किंवा वाहनात शस्त्राबाबत गुन्हा घडला आणि ती जागा किंवा वाहन अनेकांच्या संयुक्त ताब्यात असेल, तर त्या शस्त्राची कल्पना असल्याचे ज्यांच्याबाबत दिसते त्या सर्वांवर जबाबदारी येऊ शकते. ज्या चालकाला पेटीत काय आहे हे सांगितले आहे, तोही अडचणीत येतो. परवान्याविना बंदूक बाळगण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षे कैद आणि दंड अशी आहे. मोबदला घेऊन सामान वाहणाऱ्या गरीब माणसावर असा प्रसंग आणणे हा अन्यायही आहे. टपालाने किंवा कुरिअरने शस्त्र पाठवण्याचा विचारही करू नये.

वाटेवरचे नियम

२०१६ चे नियम सार्वजनिक ठिकाणी शस्त्र कसे न्यावे हे सांगतात. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठपिशवीसारख्या पिशवीत असावे. लांब बंदूक तिच्यासाठी केलेल्या पेटीत किंवा खोळीत असावी. शस्त्र पूर्ण झाकलेले असावे आणि नेणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा असावा.

खेड्यांतून सर्वाधिक दिसणारी बारा बोअरची दुनाळी यासाठी सोयीची आहे. बंदूक मोडून, म्हणजे नळ्या खाली झुकवून, दोन्ही घरांतून काडतुसे काढावीत आणि नळ्यांतून उजेडाकडे पाहून त्या रिकाम्या असल्याची खात्री करावी. मग पुढचा लाकडी दस्ता काढला की नळ्या कुंद्यापासून सुटतात. हे तिन्ही भाग कापडात गुंडाळून कुलूपबंद पेटीत ठेवावेत. काडतुसे वेगळ्या डब्यात, वेगळ्या कुलपात. किल्ली धारकाच्या खिशात आणि परवाना हाताशी. तपासणीसाठी गाडी थांबवली तर अधिकाऱ्याला आधी तोंडी सांगावे की परवान्याचे शस्त्र पेटीत आहे, मग परवाना दाखवावा. पेटीकडे आपणहून हात नेऊ नये.

कलम १९ नुसार पोलिसांना परवाना मागण्याचा अधिकार आहे, आणि तो दाखवता आला नाही तर शस्त्र जप्त होऊ शकते. कलम २० आणखी पुढे जाते. शस्त्र बेकायदा कामासाठी नेले जात असल्याचा सबळ संशय यावा अशा रीतीने ते नेणाऱ्याला, परवाना असला तरीही, वॉरंटशिवाय अटक करता येते. हा अधिकार पोलिसांबरोबरच रेल्वे, विमान, जहाज आणि इतर वाहनांवर काम करणाऱ्यांनाही आहे. आसनाखाली गोणपाटात गुंडाळून लपवलेली बंदूक आणि कुलूपबंद पेटीत उघडपणे सांगून नेलेली बंदूक यांत कायदा किती फरक करतो, हे यावरून समजते.

अभनपूर ते नागपूर रस्त्याने जाताना रायपूर, दुर्ग-भिलाई, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा टप्पा लागतो. राजनांदगाव आणि गोंदिया हे नक्षलवादाची झळ सोसलेले जिल्हे असल्याने या पट्ट्यात नाकाबंदी नवी नाही. ढाब्यावर जेवायला उतरताना पेटी गाडीत एकटी सोडू नये. मुक्काम टाळून दिवसाउजेडी एका दमात प्रवास करणे श्रेयस्कर.

रेल्वेने जायचे तर मार्च २०२५ पासून अभनपूर-रायपूर मेमू धावते आणि रायपूरहून डोंगरगड, गोंदियामार्गे नागपूरला हावडा-मुंबई मुख्य मार्ग जातो. शस्त्र धारकाजवळच, रिकामे आणि पेटीत असावे. काडतुसे ही दारू भरलेली वस्तू असल्याने ती पार्सलात किंवा ब्रेकव्हॅनच्या सामानात न सांगता टाकणे धोक्याचे आहे; रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ६७ नुसार धोकादायक माल लेखी सूचना दिल्याशिवाय नेता येत नाही.

विमानात बंदूक केबिनमध्ये कधीही नेता येत नाही. रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळावरून जायचे तर विमान कंपनीला आधी कळवावे, काउंटरवर शस्त्र जाहीर करावे, ते रिकामे असल्याची तपासणी करून घ्यावी आणि मग ते चेक-इन सामानात द्यावे. काडतुसे शस्त्रापासून वेगळी बांधावी लागतात. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नियमांत त्यांची मर्यादा प्रवाशामागे ५ किलो आहे, पण कंपनी किंवा विमानतळ सुरक्षा त्याहून कमी मर्यादा घालू शकते. शंका उरली की लेखी उत्तर घेऊनच निघावे.

नव्या पत्त्यावरचे तीस दिवस

पोहोचल्यावर काम संपत नाही. कायमचा पत्ता बदलून शस्त्र सोबत आणले असेल, तर बदलापासून ३० दिवसांच्या आत जुन्या आणि नव्या अशा दोन्ही परवाना अधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. मागणी झाली की परवाना आणि शस्त्र दोन्ही तपासणीसाठी हजर करावे लागते. त्यानंतर जुने कार्यालय धारकाची नोंद नव्या कार्यालयाकडे पाठवते, आणि पुढचे नूतनीकरण, बदल, अपील हे सारे नव्या ठिकाणी होते.

नागपूर शहरात ही माहिती पोलीस आयुक्तालयात द्यावी लागते, जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालयात. अर्जाबरोबर नव्या पत्त्याचा पुरावा, परवाना, जुन्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र आणि शस्त्राचा तपशील जोडतात. मग स्थानिक ठाण्याकडून पडताळणी होते. शस्त्र घरात कुठे ठेवले जाणार, त्याला कुलूप आहे का, मुलांचा हात पोहोचतो का, हे पाहिले जाते. लोखंडी कपाट किंवा तिजोरी भिंतीला पक्की बसवून घेतली असेल तर ही पडताळणी सुलभ होते, आणि घरही सुरक्षित राहते.

पत्ता न कळवण्यासारख्या अटीच्या भंगाला कलम ३० नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यापलीकडे कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होण्याची शक्यता असते, आणि बहुतेक धारकांना तीच खरी शिक्षा वाटते. वाटेत शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले, तर जिथे लक्षात आले तिथल्या ठाण्यात लगेच तक्रार देऊन परवाना अधिकाऱ्यालाही कळवायचे असते. नव्या गावी पोहोचल्यावर पाहू, असे म्हणण्यात गेलेले तास पुढे धारकाविरुद्ध जातात.

जंगलालगतचे घर

विदर्भात स्थलांतर करणाऱ्यांनी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ही पाहिला पाहिजे. देवरी-साकोलीचा महामार्ग नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यातून जातो आणि नागपूरच्या उत्तरेला पेंच आहे. या कायद्याच्या कलम ३१ नुसार परवानगीशिवाय शस्त्रासह अभयारण्यात शिरता येत नाही. कलम ३४ नुसार अभयारण्यात किंवा त्याच्या १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला वनखात्याकडे नावाची नोंदणी करावी लागते. नवे घर किंवा शेत अशा टापूत असेल, तर पोलीस किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातला कागद पुरेसा होत नाही.

शेतीसंरक्षणाची बंदूक हा आणखी वेगळा प्रकार आहे. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी दिलेल्या भरमार बंदुकीचा परवाना त्या शेताशी जोडलेला असतो. शेत विकून शहरात जाणाऱ्याचे कारणच उरत नाही. अशा धारकाने बंदूक नेण्याऐवजी तिची व्यवस्था गावातच लावणे योग्य.

बंदूक न्यायचीच नसेल तर

परवाना व्यक्तीचा असतो, कुटुंबाचा नसतो. वडील वारले आणि मुलगा घर आवरून नागपूरला निघाला, तर त्या बंदुकीवर त्याचा वारसाहक्क असला तरी स्वतःचा परवाना मिळेपर्यंत ती ताब्यात ठेवण्याचा हक्क त्याला नाही. बंदूक ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करून वारस म्हणून अर्ज करणे हा मार्ग आहे. वडील हयात असतील, त्यांचे वय ७० झाले असेल किंवा परवान्याला २५ वर्षे पूर्ण झाली असतील, तर ते आपल्या कायदेशीर वारसासाठी परवाना मागू शकतात. हे काम स्थलांतराआधीच मार्गी लावले तर म्हातारपणी दोन राज्यांत फेऱ्या पडत नाहीत.

विकायची असेल तर घेणाऱ्याकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा वैध परवाना हवा. विकण्याचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. घर सोडण्याची तारीख ठरली की उलट मोजणी करून दोन महिने आधी ही सूचना द्यावी. वापरातून पूर्ण बाद झालेल्या, दुरुस्तीपलीकडच्या पुराण्या बंदुकांना कलम ४५ खाली सूट मिळते, पण हा निर्णय धारकाने घरी बसून करायचा नसतो.

परदेशातले कुटुंब इथल्या नातलगांना वेगळे चित्र सांगते, म्हणून तुलना उपयोगी पडते. अमेरिकेत १९८६ च्या संघीय कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात शस्त्र नेणाऱ्या प्रवाशाला संरक्षण दिले आहे; मात्र निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी ते बाळगणे वैध असले पाहिजे, शस्त्र रिकामे असले पाहिजे आणि प्रवाशाच्या हाताशी नसले पाहिजे. हे संरक्षण वाटेपुरतेच आहे, मुक्कामाच्या राज्याचा कायदा पाळावाच लागतो. तिथे प्रवासाचा हक्क आधी मिळतो आणि अटी त्यानंतर येतात. भारतात परवानगी आधी लागते. म्हणूनच इथे कागद पुढे आणि बंदूक मागे हाच क्रम योग्य : परवाना वाचणे, जुन्या कार्यालयातून मोकळे होणे, शस्त्र स्वतःच्या ताब्यात आणि कुलपात नेणे, आणि ३० दिवसांत दोन्हीकडे नोंद करणे. एवढे पाळणाऱ्या धारकाचा परवाना राज्य बदलल्यावरही शाबूत राहतो.